नाही म्हणणाऱ्याचं गिऱ्हाईक व्हा

आडवाट | वाटाड्या

गेल्या रविवारी अलिबागकडच्या एका किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. ओळीनं उभ्या केलेल्या, वाळू-मातीत चालणाऱ्या चारचाकी एटीव्हींपाशी एक गृहस्थ सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. “याला पुढे बसवतो, चालवणार मीच,” ते म्हणाले. गाडीवाल्या पोरानं मान हलवली. “नाय दादा, एका गाडीवर एकच मानूस. पोराला नाय बसवत.” गृहस्थांनी हुज्जत घातली, दोनशे रुपये जास्त देऊ केले. पोरगा बधला नाही. मग ते पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेले आणि दोन मिनिटांत मुलगा पुढे, वडील मागे अशी फेरी सुरूही झाली. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हतं.

फेरी सुखरूप पार पडली. पण त्या दिवशी योग्य वागणाऱ्याचं गिऱ्हाईक गेलं आणि दुसऱ्याच्या हातात पैसे पडले. आडवाटेवरच्या सुरक्षिततेचा प्रश्न मला तिथे अडकलेला दिसतो.

त्या पोराचं ‘नाही’ बरोबर का होतं, हे समजून घ्यायला हवं. चार चाकं दिसली की आपण निर्धास्त होतो. पण एटीव्हीची बैठक उंच, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर कमी आणि मोठ्यांच्या गाडीचं वजन बहुधा दोनशे किलोच्या वर. तिचा तोल राखण्याचं बरंचसं काम चालवणाऱ्याच्या अंगावर असतं. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, वळणावर आतल्या बाजूला कलायचं, डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना चढाच्या बाजूला भार टाकायचा. लांब सीट पाहून वाटतं, ही दोघांसाठीच आहे. पण ती लांब असते एकट्याला मागेपुढे सरकता यावं म्हणून. मूल पुढे बसवलं की ती जागाच संपते. शिवाय ॲक्सिलरेटर असतो उजव्या अंगठ्याखाली. दचकलेल्या मुलाचा हात त्याच्यावर पडायला वेळ लागत नाही. दोघांसाठी बनवलेली मॉडेलं वेगळी असतात आणि कंपनीनं त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट पायाची. आपण दुचाकीवर वाढलेली माणसं. गाडी कलली की पाय आपसूक जमिनीकडे जातो. मोटारसायकलवर तो पाय आपल्याला सावरतो, एटीव्हीवर मात्र तोच मागच्या चाकाखाली सापडतो. काही वर्षांपूर्वी मुरमाच्या एका उतारावर मी हेच केलं आणि तीन आठवडे घोटा शेकत बसलो. पाय फूटरेस्टवरून काढायचा नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट जमिनीची. अनेक एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच आसावर एकाच वेगानं फिरतात. मातीत, वाळूत ती थोडी घसरतात, म्हणून वळण घेता येतं. डांबरावर ती घसरत नाहीत. गाडी सरळ रेटत राहते आणि वेगात वळवली तर उलटू शकते. त्यामुळे ‘जरा रस्त्यावरून आणतो’ हा हट्ट नको. आपल्या सड्यांवर पावसानंतर जांभ्याला शेवाळ धरतं, वाटेच्या मधोमध पाण्यानं घळ पाडलेली असते. किनाऱ्यावर ओहोळ वाळू कापून जातो आणि दुरून ती खाच दिसत नाही. अनोळखी वाट आधी हळू जाऊन पाहायची, वेगाचं नंतर बघायचं.

हे धडे जगानं मोठी किंमत मोजून घेतले आहेत. होंडानं १९७० साली अमेरिकेत तीन चाकांची एटीव्ही विकायला आणली. ऐंशीच्या दशकात तिच्या अपघातांत इतके जीव गेले, त्यांत इतकी मुलं होती, की १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. नव्वद सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, ही मर्यादाही तेव्हाच ठरली. त्यांची जागा चारचाकींनी घेतली, तरी मृत्यू थांबले नाहीत. चौथ्या चाकानं तोल राखण्याचं शरीराचं काम संपवलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात शेतकरी उलटलेल्या गाडीखाली चिरडून मरत, म्हणून ऑक्टोबर २०२१ पासून शेतावरच्या नव्या क्वाड बाइकवर, म्हणजे चारचाकी एटीव्हीवर, चालकाला वाचवणारी चौकट बसवणं सक्तीचं झालं.

महाराष्ट्रानंही २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवेतल्या साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, अशी त्यात तरतूद आहे. पण प्रत्येक किनाऱ्यावर, प्रत्येक पठारावर सरकारी माणूस उभा राहू शकत नाही. तिथे उभे असतो आपण, हातात पैसे घेऊन.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा. नोंदणी आहे का? माझ्या मापाचं हेल्मेट आहे का? इंजिन बंद करायचं बटण कुठे आहे, ब्रेक कुठला? वेगाला मर्यादा घालणारा स्क्रू बऱ्याच गाड्यांच्या ॲक्सिलरेटरवर असतो, तो आवळून द्याल का? मोकळ्या जागेत दहा मिनिटं शिकवाल का? पायात चपला नकोत, बूट हवेत. ओढणी, पदर, मोकळे केस बांधलेले हवेत. मुलाला बसायचंच असेल, तर त्याच्या वयाची छोटी गाडी आणि शेजारी चालणारा मोठा माणूस हवा. तसं नसेल तर मुलानं त्या दिवशी वाळूचा किल्ला करावा. थोडा वेळ रडेल, पण धडधाकट घरी येईल.

आणि गाडीवाला ‘नाही’ म्हणाला, तर तिथेच थांबा. त्याच्या नकारामुळे त्याचं नुकसान होऊ देऊ नका. शंभर पर्यटकांपैकी दहा जण जरी अशा माणसाकडे ठरवून गेले, तरी पन्नास पावलांवरच्या दुसऱ्यालाही ते दिसेल.

त्या संध्याकाळी मी पहिल्या पोराकडे गेलो आणि फेरी मागितली. त्यानं हेल्मेट दिलं, हनुवटीखालचा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, काय पन झालं तरी पाय खाली नाय टाकायचा.”