आरंभीची शिल्लक

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी 'वाढ झाली' म्हणाले, की तो आधी विचारतो, कशापासून? 2020 च्या अखेरीस इंग्लंडहून पुतणीचा फोन आला, "काका, नवं औषध सुरू होऊन महिना झाला. लागू पडतंय की नाही, कळतच नाही," तेव्हाही माझ्या तोंडून हाच प्रश्न गेला.

तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, सिस्टिक फायब्रोसिस आहे. आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आले की होणारा हा आजार. पेशींतली क्षाराची ये-जा बिघडते, छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि त्यात जंतू मुक्काम ठोकतात. घाम मात्र कमालीचा खारट. लेकीच्या कपाळाचा मुका घेतला की ओठांना मीठ लागते, हे पुतणीला निदानाआधीच ठाऊक होते. जनुक सापडले 1989 साली; त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषावर काम करणारा तीन औषधांचा मिलाफ अमेरिकेत 2019 मध्ये आणि युरोपात ऑगस्ट 2020 मध्ये मंजूर झाला. भारतीय वंशाच्या रुग्णांत हा दोष युरोपीयांच्या मानाने कमी. नातीच्या दोन जनुकांपैकी एकात तो निघाला, म्हणून गोळ्या मिळाल्या. त्या स्निग्ध अन्नाबरोबर घ्यायच्या असतात. घरचे तूप विलायतेत असे कामी आले.

पुतणीला छळत होता तो एक आकडा. जोरात फुंकर मारायला लावतात आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात. 403 रुग्णांवर 24 आठवडे झालेल्या चाचणीत, नकली गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत खऱ्या गोळ्यांवाल्यांचा हा आकडा सरासरी 14 अंकांनी सरस ठरला होता. नातीचा वाढला चार. "म्हणजे नापासच की," पुतणी म्हणाली.

शाखांच्या ठेवींचे तक्ते मी पुष्कळ पाहिले. सरासरीशी तंतोतंत जुळणारी शाखा क्वचितच सापडे. ज्याची फुप्फुसे आधीच बरी, त्याला वर चढायला जागा थोडी. शिवाय या आजारात फुप्फुसे वर्षागणिक खालावतात. ते खालावणे थांबले तर आकडा जागचा हलत नाही, आणि न हलणे हाच लाभ. पण तो महिन्याभरात दिसायचा नाही. घामातले मीठ लवकर उतरते, तिचेही उतरले होते. त्यावरून औषध पेशीपर्यंत पोचले एवढे कळते. या एका मुलीची छाती किती सुधारेल, ते नाही.

मग पाहायचे काय? इस्पितळाच्या खेपा, अँटिबायोटिकचे दिवस, वजन, झोप. त्या चाचणीत आजार उफाळण्याचे प्रमाण 63 टक्क्यांनी कमी होते. नातीचाही तो हिवाळा बिनखेपेचा गेला. पण कोविडमुळे मार्चपासून ती बहुतेक घरातच. सर्दी आणणार कोण? श्रेय गोळ्यांना द्यायचे की बंद दाराला? त्यातून नवा आकडा घरच्या यंत्रावरचा, जुना दवाखान्यातला.

"आधी रात्री किती वेळा खोकायची?" मी विचारले. पुतणी गप्प. इतकी वर्षे भिंतीपलीकडून ऐकलेला खोकला कोणी मोजला नव्हता. मग म्हणाली, "परवा इतकं शांत वाटलं, की मी घाबरून उठले आणि तिचा श्वास चालतोय ना, बघून आले." माझ्यातल्या कादंबरीकाराला एवढा पुरावा पुरला, बँकवाल्याला नाही. आस लावून बसलेल्या आईला सुधारणा दिसणारच. चाचण्यांत नकली गोळ्या ठेवतात त्या उगाच नव्हे.

उलटही होते. खोकला थांबला की तपासायला कफच मिळत नाही. म्हणून जंतू गेले असे होत नाही. यकृतासाठी रक्ततपासणी चालू ठेवावी लागते. काहींची झोप उडते, मन खचते. चौदा वर्षांच्या मुलीची चिडचिड वयाची की गोळीची, हे आधीची मुलगी ज्यांना ठाऊक आहे तेच सांगू शकतील, आणि त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

अमेरिकेत या औषधाची छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. एवढ्या मोलाची गोळी हाती देण्यापूर्वी घरच्यांना दोन रुपयांची वही द्यावी आणि पंधरवडाभर खोकला, झोप, भूक, मनःस्थिती लिहून घ्यावी, असे माझे म्हणणे आहे.

2023 मध्ये नातीला रोजच्या वाफाऱ्यांचा कंटाळा आला. या गोळ्या चालू असलेल्या, छाती बरी असलेल्या रुग्णांनी त्यातले एक औषध सहा आठवडे थांबवले तरी फुप्फुसांचा आकडा फारसा ढळला नाही, असा अमेरिकेतल्या चाचणीचा निष्कर्ष आदल्याच वर्षी आला होता. डॉक्टरांनी एक वाफारा थांबवून पाहायला होकार दिला. तिने लगेच थांबवला नाही. आधी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत उतरवले, आणि त्या पानाचा फोटो मला पाठवला.