टी.सी. देणं म्हणजे शिस्त लावणं नव्हे

फौजीच्या पोरांना पहाड्यांआधी एक शब्द पाठ होतो, टी.सी. दर दोन-तीन वर्षांनी बापाची पोस्टिंग, की पोरांची शाळा बदलली. माझी मुलगी नववीत आली तोवर तिच्या पाच शाळा झाल्या होत्या. या कागदाची आम्हाला भीती नव्हती. पण हाच कागद शिक्षा म्हणून हातात पडतो, तेव्हा काय होतं ते मी पंजाबातल्या एका छावणीत पाहिलं.

आमच्या एका नाईकाचा मुलगा, नववीतला. दप्तरात नशेच्या गोळ्या सापडल्या. बाप फील्डवर, म्हणून आईला बोलावलं. "तुम्हीच अर्ज करून टी.सी. घ्या, म्हणजे रेकॉर्डवर काही येणार नाही," असं गोड शब्दांत सांगितलं गेलं. बाईंनी सही केली. गोळ्या कुठून आल्या, आणखी कोण घेतं, हे कोणी विचारलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉब्लेमची पोस्टिंग झाली.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि मारताही येत नाही. नववीपासून काढण्याबाबतचं हे संरक्षण संपतं. आणि पोरं बिघडण्याचं वयही नेमकं तेच.

आपले बरेच माजी सैनिक म्हणतात, छडी गेली आणि शिस्त गेली. साहेब, माफ करा, पण हे मला पटत नाही. हाताखालच्या माणसावर हात उचलणं आर्मी ॲक्टच्या कलम ४७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून पलटणीत शिस्त नाही का? ती येते सेक्शन कमांडरच्या नजरेतून. सुट्टीवरून आलेला जवान दोन दिवस गप्प असला तर त्याला कळतं. आणि चूक झालीच, तर ऑर्डरली रूम. आरोप वाचला जातो, जवानाचं ऐकलं जातं, सीओ साहेब फार तर २८ दिवस देतात. ते भोगून गडी त्याच बराकीत, त्याच खाटेवर परत येतो. फौजही माणसं काढते, पण लाल शाईच्या नोंदी साठल्यावर, पहिल्या फटक्यात नाही.

शाळेची बाजूही आहे. एका वर्गात चाळीस पोरं, बाकीच्यांना जपायचं असतं. मग त्या पोराला काही दिवस वर्गाबाहेर ठेवा, रोज समुपदेशकासमोर बसवा, पण पटावरून नाव काढू नका. आणि थोडी मर्दुमकी गेटबाहेर दाखवा. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलाला नशेचे पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीवाल्याशी भांडण्यापेक्षा एकट्या आईची सही घेणं सोपं, एवढंच.

केंद्रीय विद्यालयांची सुरुवात १९६३ मध्ये वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन झाली, बदलीवाल्यांच्या पोरांसाठीच. छावणीतल्या अशा शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष बहुधा वर्दीतलाच अधिकारी असतो. हे वाचणाऱ्यांत असे कोणी असतील, तर पुढच्या मीटिंगला एक आकडा मागा : नववी ते बारावीत, बापाची पोस्टिंग ऑर्डर नसताना, वर्षाच्या मध्येच किती टी.सी. दिले गेले?