आडनाव झाका, मग निबंध तपासा

बीड जिल्ह्यातल्या मुलांना भाषण म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. दसऱ्याला सावरगाव घाटच्या मेळाव्याला जाणारी आणि नारायणगडाच्या मेळाव्याला जाणारी पोरं एकाच वर्गात शेजारी बसतात. सप्त्यातली कीर्तनं, प्रचारसभा, मोर्चे हे सगळं त्यांच्या कानात आधीच मुरलेलं असतं. तरीही एखाद्या भाषणातल्या वक्तृत्वाचं विश्लेषण करायला सांगितलं की कागदावर उतरते ती वक्त्याची आरती, नाहीतर अलंकारांची यादी. यात मुलांचा दोष थोडा आणि आपला, तपासणाऱ्यांचा, जास्त आहे. ज्याला आपण गुण देतो तेच मुलं लिहितात.

यादीची सवय लागते ती रसग्रहणातून. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे दहावीच्या कवितेचे ठरलेले कप्पे मुलं भाषणालाही लावतात. कवितेपुरतं ते चालून जातं. भाषण मात्र समोरच्या माणसांकडून काहीतरी करून घेण्यासाठी असतं. त्यांनी मत द्यावं, थांबावं, चिडावं किंवा शांतपणे घरी जावं, यासाठी वक्ता बोलत असतो. त्या माणसांना वगळून लिहिलेला निबंध कितीही शुद्ध असला तरी विश्लेषण होत नाही.

अंबाजोगाईत वाढलेल्या प्रमोद महाजनांचं लोकसभेतलं एक भाषण घेऊ. काळ संयुक्त आघाडीच्या सरकारचा. चीनला गेलेल्या संसदीय शिष्टमंडळाला तिथे कुणीतरी विचारलं, तुमची लोकशाही चालते कशी? महाजनांनी उत्तरादाखल सोबतच्या सदस्यांची ओळख करून दिली, असा तो किस्सा. मी सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि विरोधात. हे दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे, बाहेरून पाठिंबा देणारे. हे आघाडीत आहेत, पण सरकारात नाहीत. आणि शेवटी गोव्याचे रमाकांत खलप: पक्षाचे एकटेच खासदार आणि सरकारात. सभागृह हसलं.

यावर एक विद्यार्थी लिहील, ‘इथे विरोधाभास आहे, त्यामुळे भाषण प्रभावी झाले.’ वाक्य खरं आहे, पण ते कुठल्याही भाषणाखाली चिकटवता येतं. दुसऱ्याच्या लक्षात येईल की पक्षाचा आकार पायरीपायरीने उतरतो, सत्ता मात्र जवळ येत जाते आणि खलपांचं नाव मुद्दाम शेवटी राखलेलं आहे. त्याला चांगले गुण द्यावेत. तिसरी मुलगी आणखी पुढे जाईल. महाजनांनी टीकेचा एक शब्दही न उच्चारता फक्त ओळखी करून दिल्या, निष्कर्ष ऐकणाऱ्यांनी काढला आणि हसला तो मनातल्या मनात सहमत होऊन गेला, असं ती लिहील. प्रश्न परक्या माणसाच्या तोंडी असल्यामुळे आपल्याला सवयीचं झालेलं चित्र आपणच बाहेरून पाहू लागतो, हेही ती दाखवेल.

तिच्यापुढेही एक पायरी आहे. या हशाआड काय झाकलं जातं? 1996 मध्ये भाजप 161 जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता हे खरं, पण बहुमताला 272 लागत होते आणि वाजपेयींचं सरकार 13 दिवसांत गेलं होतं. संसदीय पद्धतीत सर्वांत मोठा पक्ष विरोधात बसणं यात विपरीत काही नाही. विनोद इतका नेटका आहे की हे ऐकणाऱ्याच्या लक्षातच येऊ नये. हे ज्या मुलाने पकडलं, त्याला मी हात आखडता न घेता पूर्ण गुण देईन, मग त्याचं शुद्धलेखन दोन ठिकाणी चुकलेलं का असेना. आणि हे लिहिलं म्हणून तो महाजनांचा विरोधक ठरत नाही, हे तपासणाऱ्याने आधी स्वतःला बजावावं.

अमेरिकेत शाळेच्या वरच्या वर्गांतली मुलं इंग्रजी भाषेची एपी परीक्षा देतात, तिच्यात नेमका असाच निबंध असतो. त्याच्या 6 गुणांपैकी 1 ठाम विधानाला, 4 पुरावा व त्यावरच्या भाष्याला आणि 1 विचाराच्या प्रगल्भतेला. अलंकाराचं नाव सांगण्याला वेगळा गुण नाही. आपण तो आराखडा जसाच्या तसा उचलायची गरज नाही, पण वजन कुठे टाकायचं हे त्यातून घ्यावं.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळी आहे. 2025 मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. आडनावावरून जात कळते, हे कारण जिल्ह्यात कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, अंतर्गत गुणांच्या कागदावर मात्र पूर्ण नाव असतं. तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं आडनाव कळतं, भाषण कुणाचं तेही कळतं आणि त्याला स्वतःचं आडनाव तर ठाऊक असतंच. ‘वक्त्याने नाव न घेता बोट दाखवलं, नाव घेण्याचं काम गर्दीने केलं,’ हे निरीक्षण सावरगावच्या भाषणाबद्दल आलं काय नि नारायणगडाच्या भाषणाबद्दल आलं काय, त्याला तितकेच गुण पडले पाहिजेत. पडतील याची खात्री आज मला वाटत नाही आणि ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून काहीजण म्हणतात, वर्गात राजकारण नको, जुनी भाषणं द्या. सुरुवात जरूर तिथून करावी. डॉ. आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण यासाठी सोन्यासारखं आहे. 26 जानेवारीला राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता घेऊन आपण प्रवेश करणार, हा इशारा त्यांनी संविधान पूर्ण होण्याच्या आनंदाच्या वेळी का दिला, एवढ्या एका प्रश्नावर तास रंगतो. पण तिथेच थांबलो तर मुलं आजच्या सभांच्या मैदानात निःशस्त्रच राहतील. ज्याचे आईबाप टोळीसोबत ऊसतोडीला जातात तो मुलगा अशा सभेतल्या भाषणावर लिहू शकतो, ‘मजुरांच्या स्वाभिमानावर टाळ्या पडल्या, उचल आणि तोडणीच्या दरावर वक्ता भराभर पुढे गेला.’ भाषण कुठे घाई करतं हे पाहणारा कान कुठल्याही पाठ्यपुस्तकाने दिलेला नसतो. त्याला समास पाळला नाही म्हणून गुण कापू नका.

कागदावरचं नाव दुमडून त्यावर क्रमांक टाकायला पाच मिनिटं लागतात. निबंध दोन शिक्षकांनी वेगवेगळे तपासावेत, जमलं तर शेजारच्या कॉलेजशी अदलाबदल करून. गुणांत मोठा फरक आला तर दोघांनी एकत्र बसावं आणि आकडे बोलण्याआधी ते भाषण पुन्हा पूर्ण ऐकावं.