जुना जेसीबी घेताय? इंजिन लाइटचा कोड आधी वाचा

२०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’चे मीम्स आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केले होते. पण त्याच पिवळ्या मशीनच्या पोटात नंतर जो बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. १ एप्रिल २०२१ पासून भारतात ३७ किलोवॅट (साधारण ५० हॉर्सपॉवर) आणि त्यापुढच्या, चाकांवर चालणाऱ्या नव्या बांधकाम मशीनना ‘सीईव्ही स्टेज ४’ हे उत्सर्जन मानक लागू झालं. १ जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ आलं. धूर कमी करायचा तर डिझेल अगदी मोजून फवारावं लागतं. म्हणून आता सेन्सर माहिती देतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, निर्णय घेतो.

२०२१ नंतरची ही मशीन आता सेकंड हँड बाजारात दिसू लागली आहेत. अलिबाग तालुक्यात प्लॉट सपाट करणं, रस्ते, गटारं अशी कामं पावसाळा संपला की सुरू होतात. एखादा मुलगा कर्ज काढून जुना बॅकहो (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी ‘जेसीबी’च) बघायला जातो. डॅशबोर्डवर इंजिन लाइट पेटलेली असते. विकणारा म्हणतो, “काही नाही रे, सेन्सर गेलाय.” खरं असेलही, नसेलही. फरक काही हजारांचा की काही लाखांचा, ते कोडच्या दुसऱ्या आकड्यात दडलेलं असतं.

एका कोडचे दोन भाग

अवजड डिझेल इंजिनांमध्ये बहुतेक ठिकाणी ‘एसएई जे१९३९’ ही भाषा चालते. तिच्यात प्रत्येक बिघाडाला दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो बिघाड कशाशी संबंधित आहे: १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १५७ म्हणजे कॉमन रेलमधलं डिझेलचं प्रेशर. एफएमआय सांगतो बिघाड कोणत्या प्रकारचा आहे.

आता हे दोन कोड बघा:

- एसपीएन १००, एफएमआय ३: सिग्नलचा व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त. संशय तुटलेल्या वायरवर, कपलरवर किंवा सेन्सरवर.
- एसपीएन १००, एफएमआय १: सेन्सरचा सिग्नल ठीक आहे, पण ऑइल प्रेशर धोकादायकरीत्या कमी आहे. इंजिन लगेच बंद करा.

दोन्ही वेळा लाइट तीच आणि ‘ऑइल प्रेशर सेन्सर’ हे शब्दही तेच. पण पहिल्यात वायरिंगचं काम, तर दुसऱ्यात कदाचित इंजिनच उघडायची वेळ. एफएमआय ४ (व्होल्टेज कमी) आणि ५ (करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं) हेही मुख्यतः इलेक्ट्रिकल बाजूचे. ०, १ दिसले की मात्र इंजिनकडे गांभीर्याने बघायचं. काही कंपन्या स्क्रीनवर स्वतःचेच कोड दाखवतात. तिथे त्या मॉडेलचं मॅन्युअल लागतं.

कोड म्हणजे निदान नव्हे

सॉफ्टवेअरमध्ये एरर लॉग जी ओळ दाखवतो, चूक तिथेच असते असं नाही. इंजिनचंही तसंच. ईसीयूला सेन्सर दिसत नाही, त्याला दिसतो फक्त व्होल्टेज. बरेच सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि नेहमीचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये असतो. वायर तुटली की तो अनेकदा ५ कडे जातो, बॉडीला चिकटली की ०कडे.

कधी कधी चार-पाच कोड एकदम येतात. म्हणून चार-पाच सेन्सर एकाच दिवशी मेले असं समजू नका. ५ व्होल्टची एकच लाइन अनेक सेन्सरना जात असते. एक शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलू लागतात. आधी बॅटरी, अर्थिंग आणि ही लाइन तपासायची.

अलिबागमध्ये तर संशयित घरचाच आहे: खारी हवा. पावसाळाभर उघड्यावर उभ्या मशीनच्या कपलरमध्ये ओल शिरते आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. नवा सेन्सर आणण्याआधी कपलर उघडून बघणं फुकट आहे.

पैसे देण्याआधी

१. चावी फिरवल्यावर इंजिन लाइट क्षणभर पेटलीच पाहिजे. अजिबात पेटली नाही तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी ‘सोय’ केलीय.

२. स्कॅनरवर चालू कोड (डीएम१) आणि जुने कोड (डीएम२) दोन्ही बघा. अगदी कोरी यादीसुद्धा संशयास्पद असू शकते, कारण कोड पुसता येतात.

३. म्हणून मशीन गरम होईपर्यंत, लोड देऊन, तास-दोन तास चालवा. खरा बिघाड बहुतेक वेळा परत येतो.

४. ऑइल प्रेशरचा कोड आला तर साध्या मेकॅनिकल गेजने प्रेशर मोजून घ्या.

५. नऊ पिनांचं डायग्नोस्टिक सॉकेट असेल तर बॅटरी काढून सी आणि डी पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास ठीक. १२० आला तर नेटवर्कचं एक टोक तुटलंय.

कारसाठी घेतलेला स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर इथे चालेल असं धरू नका. सॉकेट वेगळं, भाषाही वेगळी.

मशीन माझं, कोड कुणाचा?

कोड वाचणं जमलं तरी पुढची कामं, जसं नवा इंजेक्टर ईसीयूला ओळखवणं, अनेकदा कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाहीत. अमेरिकेत याच मुद्द्यावर जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. बांधकाम मशीनचं वेगळं नाव त्या यादीत नाही.

याचा फटका पहिल्या मालकाला कमी बसतो, त्याच्याकडे वॉरंटी असते. फटका बसतो दुसऱ्या मालकाला. त्याची वॉरंटी संपलेली, हप्ता चालू आणि गावातल्या मेकॅनिककडे कंपनीचा लॅपटॉप नाही. मशीन आठ दिवस उभं राहिलं तरी हप्त्याची तारीख पुढे जात नाही.

तेव्हा “सेन्सर गेलाय” असं कुणी म्हणालं तर एकच विचारा: “एफएमआय किती दाखवतोय?” आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.