ग्रेडच्या आधी नट, बेअरिंग आणि झाकण

घरच्या शेडमध्ये राउटर किंवा छोटी मिलिंग बांधणाऱ्यांचा बॉलस्क्रूबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: अचूकतेचा ग्रेड सी-७ घ्यावा की सी-५? आमचे मत स्पष्ट आहे. परभणी, मानवत, सेलूकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सी-७ चा रोल्ड स्क्रू पुरतो. वाचलेला पैसा नट, बेअरिंग आणि झाकणावर घाला.

सी-७ ला ३०० मिमीमागे सुमारे ०.०५ मिमी चूक माफ असते. पण ती चूक रोज तीच, त्याच जागी येते. मोजून कंट्रोलरच्या तक्त्यात भरली की बरीचशी निघते. बॅकलॅश, म्हणजे नट आणि स्क्रूमधली फट, अशी निघत नाही. सॉफ्टवेअर मोटर जादा फिरवील, पण कटरने जॉब ओढला की टेबल त्या फटीत सरकणारच. म्हणून नट प्रीलोडचाच मागा.

आपल्याकडे स्क्रू झिजतो तो धुळीने. काळ्या मातीची धूळ, जिनिंगजवळ उडणारी रुई, एमडीएफचा भुसा हे सगळे ग्रीसला चिकटून नटात शिरते. नटाच्या दोन्ही टोकांना वायपर आणि स्क्रूवर बेलो हवाच. हा खर्च कापू नका.

मे महिन्यात पारा ४४ अंशांवर, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली. तीस अंशांच्या फरकात एक मीटरचा पोलादी स्क्रू सुमारे ०.३५ मिमी वाढतो, ॲल्युमिनियमची फ्रेम जवळपास दुप्पट. दोन्ही टोके आवळली तर या वाढीचा ताण बेअरिंगवर येतो. मोटरकडे पक्का बीके बेअरिंग ब्लॉक, दुसऱ्या टोकाला मोकळा बीएफ ठेवा.

लांबी दुप्पट झाली की फटके न मारता फिरण्याचा वेग चौथाई होतो. दीड मीटरचा १६०५ (१६ मिमी व्यास, ५ मिमी लीड) स्क्रू मिनिटाला साधारण ८५० फेऱ्यांपुढे नेऊ नये, म्हणजे मिनिटाला सव्वाचार मीटरचा वेग. आठ फुटी प्लायवूडच्या राउटरला लांब अक्षावर रॅक-पिनियनच बरा.

आणि वीज. बॉलस्क्रूची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तो उलटाही सहज फिरतो. लाइट गेली की जड स्पिंडल जॉबवर उतरतो. झेड अक्षाला ब्रेकची मोटर किंवा प्रतिभार लावा.

आपल्या मशीनचा बॅकलॅश मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये डायलवर मोजून, शेडच्या तापमानासह आमच्याकडे पाठवा. मराठवाड्यातल्या शेडमधली ही मोजमापे आम्हाला छापायची आहेत.