आधी पाण्याला वाट द्या

दिवाळी झाली की ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघतो. मागणी ठरलेली, डांबर टाका. डांबर पडतं, फोटो निघतो आणि पुढच्या आषाढात त्याच जागी तेच खड्डे. ठेकेदाराने डांबर खाल्लं, असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कडेला तुंबलेल्या पाण्याबद्दल ग्रामसभेत कुणी अवाक्षर काढत नाही.

काळ्या रानाची रीत शेतकऱ्याला काय सांगावी! पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीच माती रस्त्याखालीही आहे. चारीत पाणी साचलं की ते आत मुरतं, पाया मऊ पडतो. वरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गेला की चाकोरी पडलीच. मग वर नवा थर दिला काय अन् न दिला काय!

म्हणून अंदाजपत्रक होतानाच शाखा अभियंत्यांना विचारा, पाणी येतं कुठून आणि जाणार कुठे? मोरी कुठे हवी हे शिवारातल्या म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. साहेबांना भर पावसात एकदा तिकडे न्यावं. 3.75 मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा 5 ते 6 सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे पाणी वर थांबत नाही. आडवी दोरी ताणून हे कुणालाही तपासता येतं. साइडपट्टीचा मुरूम वाहून गेला तर डांबराची कड तुटते, आणि रात्री समोरून गाडी आली की मोटारसायकलवाला तिथेच घसरतो.

आता थोडं कडू. चारी बुजवतं कोण? आपणच. नांगर चारीपर्यंत नेतो, शेतात गाडी उतरवायला माती लोटतो अन् खाली सिमेंटचा नळा घालत नाही. एका नळ्याचे पैसे वाचवून अख्ख्या गावाचा रस्ता बुडवतो. ग्रामपंचायतीने इथे भाऊबंदकी पाहू नये.

2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत 5 वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. रस्ता कधी पूर्ण झाला ते पाहा. मुदत बाकी असेल तर खड्डे बुजवणं, चारी-मोरी मोकळी करणं त्याच्याच गळ्यात आहे. मृगाच्या आधी सरपंचांनी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. मुदत संपलेल्या रस्त्यांवर मात्र फावडं घेऊन फिरणारा पूर्वीचा मैलकुली आता दिसत नाही. तिथे मे महिन्यात दोन दिवस जेसीबी लावून चारी उकरायचा खर्च ग्रामसभेने डांबराच्या मागणीआधी मांडावा.