काळाला आरोपी करू नका : क्लॉख ऊटरचा अर्धा बुरूज

१/ आयर्लंड पाहून आलेल्या आपल्या मंडळींच्या प्रवासवर्णनांत एक वाक्य हमखास भेटते : ‘काळाच्या ओघात किल्ला ढासळला.’ वर छायाचित्रात सरोवर, धुके आणि भग्न बुरूज. हा थ्रेड त्या वाक्याविरुद्ध आहे.

२/ कॅव्हन काउंटीतील लॉख ऊटर हे बेटाबेटांत विखुरलेले सरोवर. त्यातील एका इवल्या बेटावर क्लॉख ऊटरचा गोल दगडी बुरूज आहे. होडीतून एका अंगाने जावे तर तो अभंग भासतो. वळसा घालून पलीकडे यावे तर भिंतच नाही, आतली पोकळी उघडी पडलेली. हा फरक पावसापाण्याने केलेला नव्हे.

३/ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात अँग्लो-नॉर्मन द लेसी घराण्याने तो बांधावयास घेतला. १२३३ मध्ये तो गेलिक ओ’रायलींकडे गेला. पुढली चारशे वर्षे वारा-पाऊस होताच, तरी बुरूज कामात होता. अर्थात ते काम पुष्कळदा तुरुंगाचे. १६४१ च्या उठावात आयरिशांनी बिशप विल्यम बेडेल यांना येथेच कोंडले. तेच बेडेल, ज्यांनी जुना करार आयरिश भाषेत आणविला. तेव्हा निष्पाप गेलिक गडाची भाबडी कथाही मला सांगावयाची नाही.

४/ १६४९ च्या नोव्हेंबरात सेनापती ओवेन रो ओ’नील येथे वारले. ऑगस्ट १६५२ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने आयरिशांच्या जमिनी जप्त करण्याचा कायदा केला. एप्रिल १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या फौजेच्या तोफांपुढे क्लॉख ऊटर शरण आला; त्या युद्धात पडलेला हा अखेरचा किल्ला. भिंत फुटली ती तेव्हा. महिना ठाऊक, फौज ठाऊक, हेतू कायद्यात लिहिलेला. आणि आपण नाव घेतो काळाचे!

५/ ‘मग सौंदर्य पाहूच नये काय?’ अवश्य पाहावे. परंतु भग्नावशेषांची ही गोडी अठराव्या शतकात ज्या जमीनदार वर्गाने वाढविली, त्यातील अनेकांच्या इस्टेटी याच जप्तीतून आलेल्या होत्या. पडक्या भिंतीचे कारण विचारण्यापेक्षा तिचे चित्र काढून घेणे त्यांना सोयीचे होते. आपल्याला तशी कोणती अडचण आहे?

६/ क्लॉख ऊटरला गेलात तर होडीवाल्यास फुटक्या बाजूने न्यावयास सांगा. छायाचित्र तेथून घ्या, आणि खाली १६५३ लिहा.